भडंगचा आकडा

आमच्या निवाऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्याचा डावा कान टोकाला कापलेला आहे. नव्याने येणाऱ्या माणसाला ते क्रूर वाटतं, पण ती नुसती खूण आहे. रस्त्यावरचं कुत्रं धरून त्याची नसबंदी केली, की ते भुलीत असतानाच कानाचं टोक कापतात. तेच कुत्रं पुन्हा धरून कुणी पुन्हा पोट फाडू नये, एवढाच हेतू. पद्धत शहाणी आहे, माझी तक्रार नाही. पण ह्याच कापलेल्या कानापायी आमच्या भडंगवर जी वेळ आली ती सांगायला मी बसलेय.

मी नूतन मिठारी. उभी हयात एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ऋजुता पुण्यात नोकरीला. घरात बसून टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून जयसिंगपूरबाहेरच्या ह्या प्राणी निवाऱ्यात, तिथल्या दवाखान्यात मदतीला जायला लागले. पगार नाही, चहा मिळतो. माझं मुख्य काम धरायचं. डॉक्टर सुई टोचणार, टाके काढणार, पट्टी बदलणार, तोवर जनावराला हलू द्यायचं नाही. एक हात मानेखाली, एक पोटाखाली, आणि तोंडाने अखंड बडबड. धावत्या गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे परत करणारीला ह्यात काय अवघड? उरलेल्या वेळात कात्र्या उकळायच्या, बँडेज गुंडाळायचे आणि डॉक्टर रेहान मुजावरांना जेवायची आठवण करायची. तिशीचा पोरगा, हात एकदम हलका, पण डबा तसाच घरी परत नेणारा.

भडंग आला उसाच्या हंगामात. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीखाली त्याचा पुढचा उजवा पाय गेला होता, तो खांद्यापासून काढावाच लागला. नाव ठेवलं सर्जेरावांनी. सर्जेराव म्हणजे आमचे पिंजरे सांभाळणारे. भडंगने शुद्धीवर आल्या आल्या त्यांच्या हातातला भडंगाचा पुडा ओढला आणि लसणासकट फस्त केला. लसूण कुत्र्याला विष, डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. ह्या पठ्ठ्याला साधी ढेकरही आली नाही. त्यानंतर त्याने डॉक्टरांना चावून घेतलं, सर्जेरावांना दोनदा चावला, आणि मला मात्र काही केलं नाही. का, ते त्यालाच ठाऊक.

"ताई, ह्यो गडी तुमच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई," सर्जेराव म्हणाले. "तुमचं तुम्हीच बगा आता."

म्हणून भडंगचं सगळं माझ्याकडे आलं. त्यात चिमटाही आला.

चिमट्याचं खरं नाव वेदनामापक. आता गावोगावच्या दवाखान्यांत आहे, तेव्हा नवा होता. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते असं. शरीरात कुठेही दुखलं, की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. ती घंटा मज्जातंतूंमधून थेट कातडीतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते आणि त्या एका विशिष्ट ठेक्यात आकसतात, सैल होतात. ठेका इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. चिमट्यातल्या प्रकाशाला मात्र कळतो. आणि गंमत अशी, की माणूस, म्हैस, मांजर, उंदीर, दूध पाजणाऱ्या सगळ्या जीवांचा हा ठेका एकच निघाला. भाषा निराळ्या, कण्हणं एक. म्हणून तोच चिमटा बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांना लावतात आणि आमच्या कुत्र्यांनाही. शून्य ते दहा आकडा येतो.

चिमट्याच्या दोन्ही पात्यांत डोळे बसवलेले. केस आडवे आले तर एक डोळा आंधळा होतो, म्हणून ज्या बाजूचा ठेका जोरात, त्या बाजूचा आकडा यंत्र धरतं. कानाच्या टोकाला लावायचा, असं कंपनीचं चित्र होतं. चित्रातल्या कुत्र्याला कान पूर्ण होते! आमच्या कुत्र्यांचं डावं टोक कापलेलं, उजवं भांडणात फाटलेलं. चिमटा घसरून खाली पडायचा. मग सर्जेरावांनी युक्ती काढली. चिमटा उघडायचा, एक पातं कानाखाली सरकवायचं, त्यावर कान अंगठ्याने दाबून धरायचा आणि दुसरं पातं वरून मिटू द्यायचं. आकडा झकास यायचा. डॉक्टरही तसंच करू लागले. आपल्याकडे कुठली वस्तू कंपनीने सांगितल्याप्रमाणे वापरतात?

भडंगला पहिल्यांदा चिमटा लावला आणि आकडा आला आठ.

डॉक्टरांनी बाकीच्या कुत्र्यांवर चिमटा तपासला, तो नीट होता. भडंगला पुन्हा लावला, मीच लावला, आठ. दुसऱ्या दिवशी सात, मग आठ, मग नऊ. जखम तर भरली होती. क्ष-किरण फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं स्वच्छ. वेदनाशामक दिलं, दुप्पट दिलं, आकडा हलेना.

"पण डॉक्टर, तो जेवतो की चांगला," मी म्हटलं. "शेपटी हलवतो. मला बघून उड्या मारतो तीन पायांवर."

"काकू, कुत्रं दुखणं लपवतं. रानात जो दुखणं दाखवतो तो आधी मरतो. पिढ्यान्‌पिढ्या ती हेच शिकलीयत. म्हणून तर यंत्र लागतं." मग त्यांनी भडंगच्या खांद्याकडे बोट केलं. "मला वाटतं हे नसलेल्या पायाचं दुखणं आहे. पाय कापला तरी मेंदूत त्या पायाची जागा शिल्लक राहते. ती जागा ओरडत बसते. माणसांनाही होतं. त्यावर औषध लागू पडेलच असं नाही."

मी भडंगकडे बघितलं. तो माझ्या चपलेचा पट्टा चावत होता. एवढं दुखणं अंगावर घेऊन हा खेळतो कसा, असं मनात आलं. मला स्वतःला त्या दिवसांत पित्ताचा त्रास होता, उजव्या बरगडीखाली सारखी आग. सकाळी गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. वाकून कुत्र्याला धरलं की कळ यायची, पण ह्या मुक्या जीवापुढे आपलं पित्त काय मोठं! असं मी स्वतःला बजावायची.

ऋजुताचा फोन रोज संध्याकाळी असायचा, व्हिडिओवाला.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"बारीक दिसतेस. अंगठी घालतेस ना? आकडे येत नाहीत इकडे."

अंगठी म्हणजे ह्याच चिमट्याची माणसांसाठीची आवृत्ती. बोटात घालायची, आकडे आपोआप मुलीच्या फोनवर. तिने वाढदिवसाला पाठवली होती. मी ती मिसळणाच्या डब्यात, मोहरीशेजारी ठेवून दिली होती. माझं दुखणं आकड्यात मांडून पुण्याला कशाला पाठवायचं? आणि एकदा आकडा वर गेला, की 'आई, आता पुण्याला ये, कुत्री पुरे' हे ठरलेलंच होतं.

"घालते. इथे रेंज नसते," मी म्हणायची.

रविवारी मी मटण करते. एकटीसाठी का होईना, तांबडा रस्सा झालाच पाहिजे. सोमवारी त्यातली हाडं डब्यातून भडंगला. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सोमवारी भडंगचा आकडा हमखास चढतो.

"हाडं बंद," त्यांनी फर्मान काढलं. "पोटाला सोसत नसतील."

भडंगची हाडं बंद झाली. सोमवारचा आकडा तरीही नऊ. बिचारा डब्याचा वास घेत माझ्याभोवती फिरायचा आणि मी त्याला कोरडी भाकरी द्यायची. मी मात्र रस्सा सोडला नव्हता.

निवाऱ्याच्या विश्वस्तांनी चिमटा घेतला तेव्हाच एक नियम केला होता. ज्या जनावराचा आकडा महिनाभर सातच्या खाली येत नाही आणि उपायही चालत नाही, त्याला वेदनेतून सोडवायचं. नियम वाईट माणसांनी केलेला नव्हता. चिमटा येण्याआधी कितीतरी कुत्री आमच्या डोळ्यांदेखत खितपत मेली होती, आम्हाला वाटायचं झोपलीत. आता आकडा दिसत असताना गप्प बसणं हाच छळ, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलेलं होतं. फक्त शेवटचा होकार ज्या माणसाचा जनावराला लळा असेल त्याने द्यायचा, अशी अट होती.

महिना भरला. डॉक्टर माझ्यासमोर बसले. चहा तसाच निवत होता.

"काकू, मी आणखी एक औषध पुण्याहून मागवलं होतं. तेही देऊन झालं."

"म्हणजे आता काहीच नाही?"

"काहीच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण तो आठवर जगतोय, एवढं लक्षात ठेवा. रोज."

मी घरी जाऊन विचार केला. मला तो हवा होता, म्हणून त्याने आठवर जगायचं का? हा कुठला लळा? सकाळी येऊन मी हो म्हटलं. सर्जेरावांनी दिवसभर माझ्याकडे बघायचंच टाळलं.

दुसऱ्या दिवशी हाडं घेऊन गेले. शेवटची म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली. भडंगने ती कडाकडा फोडली, माझा हात चाटला आणि आपणहून टेबलापाशी आला. त्याला कुठे माहीत? मी त्याला उचलून वर ठेवला, मानेखाली हात घातला आणि बडबड सुरू केली. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक जयसिंगपूर ते कोल्हापूर सगळे थांबे म्हटले असतील, मला तेवढंच पाठ आहे.

आधी पूर्ण भूल द्यायची, आकडा शून्यावर आल्याची खात्री करायची आणि मगच शेवटचं औषध, अशी रीत. मरताना तरी दुखू नये म्हणून. डॉक्टरांनी भूल दिली. भडंगचं डोकं माझ्या हातात जड झालं, जीभ बाहेर आली.

"चिमटा मी लावू का?" डॉक्टरांनी विचारलं. आता तो कुणालाच चावणार नव्हता.

"नको. मीच धरते."

कान उचलला, पातं खाली सरकवलं, अंगठा दाबला. आठ.

डॉक्टरांनी वाट बघितली. आठच. त्यांनी भूल वाढवली. एवढी भूल दिल्यावर बैलही आडवा झाला असता. आठ.

"हे काय आहे?" डॉक्टर पुटपुटले. "झोपेतही?"

मला रडू आवरेना. झोपेतही ह्या जीवाची सुटका नाही! नाक पुसायला मी बाजूला झाले, तेव्हा सर्जेरावांनी पुढे होऊन चिमटा धरला.

"डॉक्टर, शून्य आला," ते हळूच म्हणाले.

"आला?" डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसरी सिरिंज उचलली. तिच्यातलं औषध निळं होतं. "काकू, तुम्हाला बाहेर थांबायचं असेल तर—"

"नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "धरणारी मी आहे. शेवटपर्यंत मीच धरणार."

सर्जेरावांच्या हातून मी कान घेतला. अंगठा ठेवला. यंत्राने बीप केलं. आठ.

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला.

"सोडा," ते म्हणाले. "सर्जेराव, तुम्ही धरा."

शून्य.

"काकू, तुम्ही."

आठ.

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. त्यांनी माझ्या अंगठ्याखालून भडंगचा कान अलगद काढून घेतला. चिमट्यात आता फक्त माझा अंगठा उरला. आम्ही तिघंही त्या लहानशा पडद्याकडे बघत राहिलो. आठच होता, स्वच्छ आणि ठळक.

"ताई," सर्जेराव म्हणाले, "ह्ये तर तुमचं हाय."

दुसरं कुणी असतं तर आधी स्वतःची काळजी केली असती. माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे ह्याला दुखत नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक कधीच दुखत नव्हतं. वरच्या पात्याखाली कायम तुमचा अंगठा होता. यंत्र तुमचाच आकडा सांगत होतं." आणि ते मटकन खाली फरशीवर बसले, टेबलाच्या पायाला टेकून. "अल्लाह! आपण त्याला मारणार होतो, काकू."

मी हसायला लागले. हसता हसता रडले, रडता रडता पुन्हा हसले. सर्जेराव घाबरून पाणी घेऊन आले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्याला दुखत नव्हतं! खेळत होता कारण त्याला खेळायचं होतं, त्यात लपवालपवी काही नव्हती.

डॉक्टर उठले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तुम्हाला कुठे दुखतंय?"

"मला? कुठे काय? जरा पित्त आहे."

"आठ आहे, काकू. मोडलेल्या पायाच्या कुत्र्याला सहा येतो. गाडीत बसा, मिरजेला जायचंय. आत्ता."

"आधी ह्याला उठवा."

"तुम्ही बसा, मी उठवतो."

"अरे बाळा, तू आधी उठव. मग म्हणशील तिथे येते."

भूल उतरवायचं औषध दिलं. बराच वेळ लागला. मग भडंगने एक डोळा उघडला, डॉक्टरांची बाही जवळच दिसली, तिला कचकन चावा घेतला. डॉक्टरांना एवढं खूश झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मिरजेच्या सर्जनने पोटावर यंत्र फिरवलं आणि लगेच रात्रीचं जेवण बंद केलं. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं, भिंत सडत आलेली. फुटलं असतं तर पू पोटभर पसरला असता. "आणखी थोडे दिवस काढले असतेत तर मला भेटायची वेळ आली नसती," ते म्हणाले. पिशवी काढून टाकली. सोमवारचा नऊ कुठून यायचा तेही कळलं. तुपा-तेलाचं पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, आणि माझ्या रश्श्यावर तर्री बोटभर असायची. हाडं मात्र भडंगची बंद झाली होती.

शुद्धीवर आले तर ऋजुता खाटेशेजारी बसलेली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, आता बोलणी खायची.

"आई," ती म्हणाली, "तू आठ घेऊन फिरत होतीस? कुत्री उचलत होतीस?"

"मला काय माहीत आठ म्हणजे किती?" मी म्हटलं. "मला वाटलं, सगळ्यांना एवढं असतंच."

ती माझा हात हातात घेऊन रडत बसली. मीही तो काढून घेतला नाही. टाके ओढत होते, पण आतली ती जुनी आग नव्हती. किती दिवसांनी नव्हती! तिच्या जागी नुसती एक शांत रिकामी जागा होती, आणि ती इतकी सुखाची होती की मला झोप लागली.

पुण्याला चल, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते, उत्तरही तयार ठेवलं होतं, पण म्हणालीच नाही. मला घरी सोडून परत जाताना फक्त मिसळणाचा डबा उघडून अंगठी काढली, मोहरी झटकली आणि ओट्यावर ठेवली. "घालायची तर घाल. नाहीतर तोंडाने सांग. पण खरं सांग," एवढंच बोलली.

निवाऱ्यात आता पद्धत बदलली आहे. चिमटा धरताना अंगठ्यावर जाड रबरी टोपी घालतात. आणि डॉक्टरांनी आणखी एक रीत पाडलीय. सकाळी कुत्र्यांच्या आधी माणसांनी चिमट्यात बोट घालायचं. त्या रीतीने सर्जेरावांची किडलेली दाढ सापडली, जी अधूनमधून ठणकली की ते वर्षभर लवंग लावून दाबत होते. खुद्द डॉक्टरांची पाठ एके दिवशी पाच निघाली. "कुत्र्यांपेक्षा तुम्हीच वरताण," असं मी दोघांना सुनावलं, तर दोघंही माझ्याकडे बघून हसले. हसू देत. भडंगचा आकडा घेतला, टोपी घालून. एक. तोही नखं कापल्याचा राग असावा.

रविवारी मटण अजून करते. हाडं सगळी भडंगला, रस्सा शेजारच्यांना, मला बिनतुपाचा वरणभात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? डॉक्टर म्हणतात, हळूहळू थोडं थोडं चालेल.

परवा पिंजऱ्यांच्या रांगेत उभी राहून बँडेज गुंडाळत होते. ऋजुताचा फोन आला.

"कशी आहेस?"

'बरी आहे' जिभेवर आलंच होतं. तीस वर्षांची सवय, डबल बेल दिल्यासारखी आपोआप निघते. भडंग पायाशी बसून मान वर करून माझ्याकडे बघत होता.

"गुडघा दुखतोय," मी म्हटलं. "सकाळपासून उभी आहे. तीन आला."

मला वाटलं, झालं, आता सुरू होणार.

"मग बस ना जरा," ऋजुता म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी स्टूल ओढलं आणि बसले. भडंगने हनुवटी माझ्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवली, आणि आम्ही दोघं, ती पुण्यात नि मी इथे, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलो.